सकाळी टाका, रात्री वाढा!

रात्री सहा माणसं जेवायला यायची आहेत आणि तुम्ही संध्याकाळी साडेपाचपर्यंत ऑफिसात. अशा दिवशी तुम्ही काय करता? एक तर पहाटे चारला उठून सगळं रांधून ठेवता, नाहीतर घरी येऊन पदर खोचून ओट्याशी उभ्या राहता. पाहुणे गप्पा मारतात आणि तुम्ही आतून फक्त हसण्याचे आवाज ऐकता!

अमेरिकेतल्या गृहिणींनी यावर काढलेला उपाय म्हणजे स्लो कुकर. लोणच्याच्या बरणीसारखं जाड चिनी मातीचं भांडं, त्याभोवती विजेची मंद आच आणि वर काचेचं झाकण. त्यात हमखास जमणारा पदार्थ म्हणजे ‘पुल्ड पोर्क’, काट्याने ओढून मोकळं केलेलं डुकराचं मांस. लेक किंवा सून तिकडे असेल तर हे नाव तुमच्या कानावरून गेलंही असेल.

आजीच्या भट्टीतून आलेलं भांडं

हे भांडं काढलं शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांनी. ज्यू धर्मात शनिवारी चूल पेटवत नाहीत. म्हणून त्यांची आजी लिथुआनियात शुक्रवारी मांस-कडधान्याचं भांडं गावच्या बेकरीत नेऊन देई. भट्टीच्या उरल्या धगीवर ते रात्रभर शिजे. आईने सांगितलेली ही आठवण नॅक्सननी विजेवर उतरवली. १९४० साली त्यांना पेटंट मिळालं. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये हेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. तेव्हा नोकरीला जाणाऱ्या बायका वाढत होत्या, जाहिराती त्यांच्यासाठीच होत्या. ज्यूंच्या घरातल्या आठवणीतून निघालेलं भांडं त्यांना वर्ज्य असलेल्या डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध व्हावं, ही गंमतच!

कल्पना आपल्यालाही नवी नाही. बंगालचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर काढला, तो याच जातीचा. खाली निखारे, वर डब्यांची चवड. लावून ठेवा आणि आपल्या कामाला लागा.

खांदाच का?

पुल्ड पोर्कचं माहेर अमेरिकेच्या दक्षिण भागात. तिथे ते लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन् तास धुरावतात. उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात त्यावर व्हिनेगर-मिरचीचा पातळ रस, लेक्झिंग्टनकडे त्यातच थोडा टोमॅटो केचप, तर दक्षिण कॅरोलिनात मोहरीचा सॉस. स्लो कुकरमध्ये धूर नाही, त्यामुळे तिकडचे जाणकार नाक मुरडतात. पण मऊपणात हे भांडं कमी पडत नाही. शिवाय व्हिनेगर आणि डुकराचं मांस ही जोडी गोव्याच्या विंदालूमुळे आणि वसईच्या इंदियालमुळे आपल्याही ओळखीची आहे.

मांस मात्र खांद्याचंच घ्या. हा भाग चिवट, म्हणून स्वस्त. चिवटपणा असतो कोलॅजनचा. सत्तर अंश सेल्सियसच्या पुढे तो सावकाश विरघळून त्याचं जिलेटीन होतं आणि मांस रसाळ राहतं. आतलं तापमान ९० ते ९५ अंशांवर गेलं की मांस नुसत्या काट्याने सुटतं. कमरेचं महागडं मांस या पद्धतीने कोरडं ठक्क होईल.

साहित्य : बिनहाडाचं, थोडी चरबी असलेलं खांद्याचं मांस दीड किलो, दोन मोठे कांदे, लसणाच्या दहा पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा मिरपूड, एक चमचा जिरेपूड, दोन चमचे गूळ, तीन चमचे मीठ, अर्धा कप व्हिनेगर (माडाचं मिळालं तर उत्तम), पाव कप पाणी. (चमचा चहाचा.)

कृती : मांसाचे चार मोठे तुकडे करा. कोरडा मसाला, मीठ आणि गूळ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी भांड्याच्या तळाशी कांद्याच्या चकत्या आणि लसूण, त्यावर मांस, बाजूने व्हिनेगर आणि पाणी घाला. भांडं निम्म्याहून जास्त पण पाऊण भागापेक्षा कमी भरलेलं असावं. ‘लो’वर आठ ते दहा तास, किंवा ‘हाय’वर पाच ते सहा तास. मधे झाकण उघडू नका. एकदा उघडलं की वीस-तीस मिनिटं वाढली म्हणून समजा!

शिजल्यावर मांस ताटात काढा, रसावरची चरबी चमच्याने काढून टाका. आता दोन काटे पतिराजांच्या हातात द्या आणि मांस ओढून मोकळं करायला सांगा. हे काम कोणालाही जमतं. त्यात बेताने रस घाला, चव पाहून थोडं व्हिनेगर वाढवा. गरम पाव आणि कोबीची कोशिंबीर यांच्याबरोबर सात-आठ जणांना पुरेल. घरी डुकराचं मांस चालत नसेल, तर बकऱ्याचा खांदा असाच करा.

पण हे विसरू नका

घरात कोणी नसताना शिजणारं अन्न म्हणजे थोडी जोखीम आलीच. चार ते साठ अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गोठलेलं मांस कधीही थेट भांड्यात टाकू नका. आधी फ्रीजमध्ये पूर्ण सुटू द्या. मांस खात्रीच्या दुकानातून आणा. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून पोटात जंत होऊ शकतात.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे जाणारी वीज. तुम्ही घरी असताना वीज गेली तर मांस लगेच पातेल्यात काढून गॅसवर शिजवा. पण बाहेर असताना गेली आणि किती वेळ नव्हती ते कळत नसेल, तर जीव कितीही हळहळला तरी ते अन्न फेकून द्या. वरून शिजलेलं दिसलं तरीही. पुन्हा उकळून भागत नाही; काही जंतूंचं विष उकळल्यावरही टिकतं. म्हणून भारनियमनाच्या दिवशी हा बेत नकोच.

लेकीने अमेरिकेहून कुकर आणला असेल तर तो इथल्या प्लगमध्ये खुपसू नका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. भांडं तिपटीहून जास्त तापेल आणि जळेल. कुकर इथलाच घ्या. २०० वॅटचा कुकर आठ तासांत साधारण १.६ युनिट वीज खातो.

आणखी एक. याच कुकरमध्ये राजमा नुसता भिजवून टाकू नका. कच्च्या राजम्यातला विषारी अंश मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट वाढू शकतो, आणि उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात राजमा निदान दहा मिनिटं, खरं तर अर्धा तास, खळखळून उकळा, मगच कुकरमध्ये घाला.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस राहील. खाताना मात्र गॅसवर वाफ येईपर्यंत गरम करा, स्लो कुकरमध्ये नव्हे.

कुकर नाही? मुद्दाम विकत घ्यायची घाई नको. तुम्ही घरीच असाल तर आपला प्रेशर कुकर तासाभरात हेच मांस मऊ करतो. स्लो कुकरची खरी किंमत बाहेर पडणारीला. त्याने स्वयंपाक वाचत नाही, चिरणं-चोळणं असतंच. पण ते सगळं आदल्या रात्री उरकतं आणि पाहुणे आले की तुम्ही ओट्याशी नसता, बैठकीत असता. एका रविवारी घरी असताना करून पाहा. जमलं की मग कामाच्या दिवशी बेत आखा.