न चाखता सिद्ध होणारे पक्वान्न

रुमानियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा नाताळपूर्व उपवास 15 नोव्हेंबरला सुरू होतो आणि 24 डिसेंबरपर्यंत चालतो. या चाळीस दिवसांत मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडी हीही वर्ज्य असतात. आणि तरीही उपवासाचे शेवटचे दोनतीन दिवस उरले असता, ज्या घरात महिनाभर लोण्याचा वासही फिरकलेला नसतो त्याच घरातील गृहिणी आठदहा अंड्यांचे पिवळे बलक, अर्धा लिटर दूध, पाव किलो लोणी आणि किलोभर मैदा समोर मांडून कोझोनाक नावाचा सारण भरलेला गोड पाव करावयास बसते. उपवास निष्ठेने पाळणारी स्त्री यातील कणभरही जिभेला लावीत नाही. गोडी पुरेशी आहे की नाही, मीठ उतरले की नाही, हे तिला हाताने, डोळ्याने आणि नाकानेच ठरवावे लागते. जगात उंची पक्वान्ने पुष्कळ आहेत. परंतु करणाऱ्याने न चाखता सिद्ध करावयाचे आणि तरीही वर्षातील सर्वांत श्रीमंत असावयाचे असे हे पक्वान्न मला विशेष आदरणीय वाटते. ईस्टरलाही तोच क्रम असतो, आणि त्यापूर्वीचा उपवास तर सुमारे सात आठवड्यांचा असतो.

कोझोनाकाचे सारे कसब पीठ मळण्यात आहे. सर्व जिन्नस आदल्या रात्रीच ऊबदार खोलीत आणून ठेवतात, कारण थंड मैदा आणि थंड दूध खमिराला मानवत नाही. बलकांत चिमूटभर मीठ घालून ते काही वेळ झाकून ठेवले म्हणजे त्यांचा रंग गडद होतो आणि पावाला केशरी झाक येते. खमीर, कोमट दूध, थोडी साखर आणि मूठभर मैदा यांचे सैलसर आंबवण प्रथम करतात. त्याला तिकडे ‘माया’ म्हणतात. ते फुगून फसफसले म्हणजेच पुढील कामास हात घालावयाचा, कारण साखर आणि स्निग्धांश हे दोन्ही खमिराचे काम मंदावणारे पदार्थ आहेत, आणि या पावात तर दोहोंची रेलचेल असते. आरंभीच बळ न मिळालेले खमीर एवढा भार उचलू शकत नाही. मोल्डाव्हियातील जुन्या सुगरणी मैद्याचा काही भाग उकळत्या दुधात भिजवून घेतात. त्यातील पिष्ट शिजून पाणी धरून ठेवते, आणि पाव चारपाच दिवस मऊ राहतो.

त्यानंतर मळणे. लोणी पातळ करून कोमट ठेवावयाचे, त्यात मुठी बुडवावयाच्या, आणि पीठ दाबून, उचलून, घडी घालून पुन्हा दाबावयाचे. लोणी एकदम ओतले तर पिठातील चिवट धागे जुळण्याआधीच तेलकट होऊन सुटतात. म्हणून ते शेवटी आणि थोडेथोडे जिरवावयाचे. आमच्याकडे पुरणपोळीची कणीक तेल लावलावून तिंबतात, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या क्रियेची कल्पना सहज येईल. भेद एवढाच की येथे गोळा पाचसहा पट मोठा असतो आणि काम अर्धा-पाऊण तास चालते. घरातील पुरुषांना हाक जाते ती याच वेळी. पीठ हाताला चिकटेनासे झाले, परातीच्या कडा सोडू लागले आणि ओढले असता न तुटता पातळ पडद्यासारखे ताणले जाऊ लागले, म्हणजे काम संपले. मग त्यावर क्रुसाची खूण काढतात, वर स्वच्छ फडके घालतात आणि दारेखिडक्या लावून घेतात. पीठ फुगत असता कोणी दार आपटू नये, वाऱ्याची झुळूक येऊ देऊ नये, असा कडक दंडक असतो.

सारणाच्या बाबतीत मात्र प्रांताप्रांताचा दस्तूर वेगळा. सर्वत्र मान्य असे सारण अक्रोडाचे. दळलेले अक्रोड, साखर, कोको, रमचा सुवास आणि फेटलेले अंड्यांचे पांढरे बलक यांचे हे मिश्रण बेताने दाट असावे लागते, कारण ते ओले झाले की भाजताना वाफ धरते आणि पावाच्या थरांत पोकळ्या पडतात. ट्रान्सिल्व्हानिया आणि बानात हे मुलूख ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या अंमलाखाली होते; तिकडे मध्य युरोपाच्या चालीप्रमाणे दुधात शिजवलेल्या खसखशीचे सारण आवडीने भरतात, आणि ही खसखस आपल्यासारखी पांढरी नसून निळसर काळी असते. वालाकिया आणि मोल्डाव्हिया ही संस्थाने शतकानुशतके तुर्की सुलतानाची मांडलिक होती आणि त्याला खंडणी भरीत होती. त्या संबंधातून आलेली ‘राहात’ नावाची गुलाबपाण्याच्या वासाची पारदर्शक मिठाई चौकोनी तुकडे करून आजही कोझोनाकात घालतात. साम्राज्ये गेली, तहनामे दप्तरांत जमा झाले, आणि त्यांच्या सीमारेषा सुरीने कापलेल्या पावाच्या एका कापात दिसत राहिल्या.

लाटण्यापूर्वी ओट्याला मैदा न लावता तेल लावतात. पिठाच्या पोळीवर सारण पसरून तिची गुंडाळी करावयाची, अशा दोन गुंडाळ्यांना एकमेकींत पीळ द्यावयाचा, आणि हा पीळ उंच डब्यात अर्ध्यापर्यंतच येईल असा ठेवावयाचा. तो फुगून वर आला की अंडे लावून, साखर भुरभुरून, 170 ते 180 अंशांच्या भट्टीत पाऊण तासाच्या सुमारास भाजावयाचा. भट्टीतून निघालेला पाव आतून अजून इतका नाजूक असतो की स्वतःच्याच भाराने तो बसू शकतो. म्हणून जुन्या घरांत तो उशीवर स्वच्छ फडके अंथरून कुशीवर निजवतात आणि निवेपर्यंत मधूनमधून वळवतात.

या विद्येचे ग्रंथही झाले. मिहाइल कोगाल्निचानू आणि कोस्ताके नेग्रुत्सी यांनी, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेल्या एका इतिहासकाराने आणि एका नामवंत साहित्यिकाने, 1841 साली याश शहरात दोनशे पाककृतींचे पुस्तक छापले, तर सांदा मारिन या टोपणनावाने 1936 साली निघालेले पुस्तक पुढे घरोघर पोचले. तरीही ‘पीठ हात सोडीपर्यंत मळावे’ या वाक्यातला हात पुस्तकाला देता येत नाही. तो आईजवळ उभे राहूनच मिळतो.

कोझोनाकाची खरी कसोटी लागली ती साम्यवादी हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीच्या अखेरच्या दशकात. परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी देशातील धान्य आणि मांस बाहेर पाठवले जात होते, आणि रयतेला साखर, तेल, मैदा, अंडी शिध्याच्या मापाने मिळत होती. 1981 साली निघालेल्या हुकुमाने महिन्याच्या गरजेपेक्षा अधिक अन्न साठवणे हा कैदेस पात्र असा गुन्हा ठरला. 25 डिसेंबर हा सरकारदप्तरी कामाचा दिवस होता. शेगडीत गॅस येई तो पुष्कळदा रात्री उशिरा, आणि तोही मंद. अशा काळातही घरोघर शिध्यातली थोडीथोडी साखर बाजूला पडत राहिली, खेड्यातील नातेवाइकांकडून अंडी आणि अक्रोड येत राहिले, आणि रात्री गॅसची ज्योत चढली म्हणजे पाव भट्टीत गेले. सरकारने लादलेली उपासमार आणि श्रद्धेने पत्करलेला उपवास यांतील अंतर त्या लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पहिलीचा शेवट केव्हा होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्याला मात्र पारणे होते, आणि त्या पारण्याची तरतूद करणे हा आपला अधिकार आहे असे ते मानीत राहिले.

आता बुखारेस्टच्या दुकानांत कोझोनाक बारमाही मिळतो, पीठ मळण्यास यंत्रे आहेत, आणि ज्यांचे हात थकले त्यांनी ती वापरावीत यात मला काही गैर वाटत नाही. घरी करणारी कुटुंबे मात्र अजूनही एका पावावर थांबत नाहीत. एक शेजाऱ्यांकडे जातो, एक मृतांच्या नावाने दान म्हणून दिला जातो, नाताळची गाणी म्हणत दारी येणाऱ्या मुलांच्या हातावरही एखादा काप पडतो; दूर देशी कामाला गेलेल्या लेकासाठी एक बांधून ठेवतात, आणि उरलेला शिळा झाला की त्याचे काप शेकून सकाळी दुधाबरोबर खातात. एवढ्यांना पुरवावयाचे म्हणून किलोभर मैद्याचा हिशेब पुष्कळ घरांत अपुराच पडतो.