खेळाडूपासून उस्तादापर्यंत: तालांत दुयशेबायेव

मुलगा किंवा मुलगी खेळात रमली की आपल्या घरांत एक प्रश्न ठरलेला असतो: खेळून पुढे काय? आम्ही शिक्षक मंडळीही पालकसभेत तो नेहमी ऐकतो. प्रश्न चुकीचा नाही. खेळाडूचं शरीर पस्तिशीच्या आसपास थकायला लागतं आणि आयुष्य तर त्यानंतरही बरंच उरतं. हँडबॉलमधल्या एका माणसाची कारकीर्द पाहिली तर या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर सापडतं.

तालांत दुयशेबायेव यांचा जन्म 1968 सालचा, किरगिझस्तानच्या राजधानीतला. आजचं बिश्केक तेव्हा फ्रुन्झे होतं आणि देश होता सोव्हिएत संघ. तिथून ते मॉस्कोच्या संघात गेले. 1991 मध्ये तो देशच उरला नाही. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाने सुवर्णपदक जिंकलं, त्यात ते होते. 1993 मध्ये रशियाकडून ते विश्वविजेते झाले. पुढे स्पेनचं नागरिकत्व घेतलं आणि 1996 व 2000 च्या ऑलिंपिकमध्ये त्या देशासाठी कांस्यपदकं मिळवली. 1994 आणि 1996 साली ते जगातले सर्वोत्तम हँडबॉलपटू ठरले.

त्यांची जागा होती मैदानाच्या मधोमध, खेळ रचणाऱ्याची. हँडबॉलमध्ये गोलरक्षकासह सात जण असतात. चेंडू हातात धरून तीन पावलांपेक्षा जास्त चालता येत नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त धरूनही ठेवता येत नाही. त्यामुळे मधल्या खेळाडूला चेंडू हातात येण्याआधीच ठरवावं लागतं, की पुढचा पास कुणाला. म्हणजे मैदानात असतानाच तो अर्धा प्रशिक्षक असतो.

दुयशेबायेव यांचा बदलही एका दिवसात झाला नाही. 2005 मध्ये स्पेनच्या सिउदाद रेआल क्लबमध्ये खेळत असतानाच त्यांनी प्रशिक्षकपद घेतलं. 2006 मध्ये क्लबने युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. 2007 मध्ये त्यांनी खेळणं थांबवलं आणि 2008 व 2009 मध्ये संघ पुन्हा युरोपचा विजेता झाला.

प्रशिक्षकाचं काम मात्र वेगळंच. स्वतः गोल करता येत नाही. हातात असतात फक्त खेळाडूंची अदलाबदल, एकेका मिनिटाचे मोजके टाइमआउट आणि आधी करून घेतलेली तालीम. 2016 मध्ये ते पोलंडच्या क्येल्त्से क्लबचे प्रशिक्षक होते. कोलोनमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हंगेरीच्या वेस्प्रेमविरुद्ध त्यांचा संघ नऊ गोलांनी मागे होता आणि वेळ उरली होती साधारण पंधरा मिनिटं. साठ मिनिटं संपली तेव्हा गुण होते 29-29. जादा वेळेतही बरोबरी झाली आणि पेनल्टीवर क्येल्त्सेने 39-38 असा सामना जिंकला. त्या दिवशी कामाला आला तो सब्र.

त्यांचे दोन्ही मुलगे, अलेक्स आणि दानिएल, स्पेनकडून खेळले आणि क्येल्त्सेत वडिलांच्याच हाताखाली घडले. घरात बाप, मैदानात उस्ताद! दोन्ही नाती सांभाळणं सोपं नसतं, हे शिक्षकांच्या मुलांना विचारावं.

आपल्याकडे हँडबॉल शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये खेळला जातो. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा डिप्लोमा आहे, शाळेत शिकवायचं तर बीपीएड आहे. या वाटेला शिक्षण लागतं, म्हणून खेळणाऱ्या मुलांची पुस्तकं बंद होऊ देऊ नका. आणि मैदानात जी मुलं गोल कमी करतात पण इतरांना जागा दाखवतात, त्यांच्याकडे जरा लक्ष द्या. उद्याचा उस्ताद कदाचित त्यांच्यातच असेल.