जुन्या करवतीची पारख

जुन्या सामानाच्या बाजारात लोखंडी वस्तूंच्या ढिगात एखादी करवत पडलेली असते. तिचे पाते गंजून तांबूस झालेले असते व मुठीचा रंग उडालेला असतो. येणारेजाणारे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. शेवटी ती भंगाराच्या भावाने जाते. तिच्या शेजारी घासूनपुसून ठेवलेली दुसरी करवत चकाकत असते. गिऱ्हाईक आनंदाने ती घरी नेते. पण लाकडाला लावताच ती वाकडी चालू लागते आणि पैसे पाण्यात जातात. जाणता सुतार मात्र असा फसत नाही. तो करवत पारखून घेतो.

जुन्या करवतींना मान आहे, तो त्यांच्या पोलादामुळे. इंग्लंडमधील बेंजामिन हंट्समन हा घड्याळे बनवीत असे. घड्याळाच्या कमानींसाठी चांगले पोलाद मिळेना, म्हणून त्याने १७४० च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवण्याची रीत शोधून काढली. पुढे शेफील्ड शहर अशा पोलादासाठी व हत्यारांसाठी प्रसिद्ध झाले. इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या हेन्‍री डिस्टनने १८४० मध्ये फिलाडेल्फिया येथे करवतींचा कारखाना काढला आणि १८५५ पासून तो स्वतःचे पोलादही तयार करू लागला. या दोन्ही गावांच्या जुन्या करवती आजही लोक शोधून घेतात.

करवत हाती येताच प्रथम पाते पाहावे. ते डोळ्यांसमोर धरून दात्यांच्या ओळीवरून नजर फिरवावी. ओळ सरळ दिसली, तर पाते सरळ आहे. नंतर पाते हलकेच वाकवून सोडावे. चांगले पोलाद लगेच पूर्ववत होते. मात्र पात्याला एके ठिकाणी तीव्र मुरड पडली असेल, तर ती काढणे कठीण. चांगल्या करवतीचे पाते दात्यांकडे जाड व पाठीकडे पातळ केलेले असते. त्यामुळे ते लाकडात अडकत नाही.

मग गंज पाहावा. वरवरचा गंज घासून निघतो. त्याला भिण्याचे कारण नाही. पण गंजाने पोलाद खाऊन दात्यांजवळ खोल खड्डे पाडले असतील, तर नव्या दात्यांची टोकेही त्या खड्ड्यांत तुटतील. अशी करवत फुकट मिळाली, तरी महागच.

दाते बोथट असले, तरी चिंता नको. त्रिकोणी कानशीने त्यांना पुन्हा धार लावता येते. आजच्या पुष्कळ नव्या करवतींचे दाते इतके कठीण केलेले असतात, की त्यांवर कानस चालत नाही. बोथट झाल्यावर त्या टाकूनच द्याव्या लागतात. जुन्या करवतीचा मोठा लाभ तो हाच. पण वारंवार धार लावल्याने पाते झिजून फार अरुंद झाले असेल, तर तिचे आयुष्य सरत आले, असे समजावे. एक-दोन दाते तुटलेले चालतात; सलग अनेक दाते गेले असतील, तर सर्व दाते नव्याने पाडावे लागतात.

दात्यांची संख्याही मोजावी. एका इंचात पाच-सहा टोके असतील, तर ती करवत बहुधा तंतूंच्या दिशेने लाकूड उभे चिरण्याची असते. आठ-दहा टोकांची करवत आडवी कापण्यास सोयीची पडते. आपले काम कोणते, हे ठरवूनच निवड करावी.

शेवटी मूठ पाहावी. तिची लहानशी चीर सरसाने सांधता येते. मुठीवरील पितळी बिल्ल्यावर कारखान्याचे नाव असते. पण मूठ दुसऱ्याच करवतीची बसवलेली असू शकते. म्हणून केवळ नावावर भुलू नये.

गंजलेली करवत स्वतःविषयी काही सांगू शकत नाही. सावकाश पाहणाऱ्या डोळ्यांना मात्र तिचे गुण कळतात. मग कानशीचे काही हात फिरतात, आणि भंगारात जाणारे ते पाते पुन्हा लाकडावर सरसर चालू लागते.