चमकीचे गुरुवार
चाहत्यांची गोष्ट : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण बीटल्सच्या मागे धावणाऱ्या मुलींपाशी थांबलो होतो. १९७० च्या एप्रिलमध्ये बीटल्स फुटले. त्या वर्षी इंग्लंडात जी मुलं बारा-तेरा वर्षांची होती, त्यांच्या वाट्याला आपलं म्हणावं असं काहीच नव्हतं. बीटल्स मोठ्या बहिणीचे होते. पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन हे मोठ्या भावाचे. तो खोलीचं दार लावून एलपीच्या दोन्ही बाजू गंभीरपणे ऐकणार आणि तीन मिनिटांचं गाणं म्हणजे पोरखेळ असं मानणार. लेड झेपलिनने तर मायदेशात सिंगल काढायचंच नाकारलं होतं. पण खाऊच्या पैशांत एलपी येत नव्हती, सिंगल येत होती. ग्लॅम रॉक ही पुढची झगमगती लाट समजून घ्यायची तर सुरुवात या साध्या हिशेबापासून करायला हवी.

मार्क बोलन हा पूर्व लंडनमधल्या हॅकनीत वाढलेला मुलगा. १९६७ पासून तो ‘टिरॅनोसॉरस रेक्स’ नावाची दोघांची जोडी चालवत होता. सतरंजीवर मांडी घालून, साध्या गिटारवर, पऱ्या आणि जादूगारांची गाणी गायची, असा त्यांचा बाज होता. ऐकणारे सगळे लांब केसांचे, विद्यापीठातले. १९७० मध्ये त्याने नाव छाटून ‘टी. रेक्स’ केलं, हातात इलेक्ट्रिक गिटार घेतली, आणि ‘राइड अ व्हाइट स्वान’ हे सिंगल पुढच्या जानेवारीत विक्रीच्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. जुने श्रोते चिडले. बोलन विकला गेला, असं त्यांना वाटलं. त्यांची जागा चौदा वर्षांच्या मुलींनी घेतली आणि हा बदल बोलनने मनापासून स्वीकारला. मला त्याचं मोठेपण इथे दिसतं. लहान मुलींना गाणं आवडलं म्हणजे गाणं हलकं, हा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. बोलनने तो मानला नाही.

१९७१ च्या मार्चमध्ये ‘हॉट लव्ह’ गाण्यासाठी तो बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये आला, तेव्हा त्याच्या गालांवर चमकी होती. चेलिटा सेकुंडा ही त्याचं प्रसिद्धीचं काम बघणारी बाई. ती कल्पना तिची असं सांगितलं जातं. अंगात साटीन, डोळ्यांखाली चमचमते ठिपके. ग्लॅमचा जन्म बहुतेक सगळे इथे धरतात. गाणं सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

चमकीच का, याचं उत्तर दूरचित्रवाणीत आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये तीनच वाहिन्या होत्या. रंगीत प्रक्षेपण सुरू झालेलं असलं तरी बहुसंख्य घरांत संच कृष्णधवल होते. अशा पडद्यावर निळं साटीन आणि तांबडं साटीन सारखंच दिसतं. चमकी मात्र दिव्याखाली चमकतेच. साटीन, चंदेरी कापड, आरशाचे तुकडे हे सगळे प्रकाश परतवणारे पदार्थ आहेत. स्लेड या वाद्यवृंदाच्या गायकाची, नॉडी होल्डरची, आरसे जडवलेली उंच टोपी आठवा. त्या टोपीवर झोत पडला की किरणं सभागृहभर उधळायची. ग्लॅमचा पोशाख रंगापेक्षा उजेडावर चालत होता आणि म्हणून तो गरिबाघरच्या जुन्या संचावरही पोचला.

आठवड्याचं वेळापत्रकही याच लहान चाहत्यांच्या हिशेबाने लागलेलं असायचं. मंगळवारी दुपारी रेडिओ वनवर नवी क्रमवारी जाहीर व्हायची. शाळेच्या जेवणाच्या सुट्टीत एका ट्रान्झिस्टरभोवती घोळका जमायचा. गुरुवारी संध्याकाळी ‘टॉप ऑफ द पॉप्स’. घरात संच एकच, तोही बैठकीच्या खोलीत, म्हणजे हे सगळं आईवडिलांच्या देखत बघायचं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपला लाडका गायक आणि आपले वडील एकाच वेळी समोर आहेत, वडील विचारताहेत की हा बाप्या आहे की बाई, आणि आपण मान न वळवता पडद्याकडे बघतोय. काही न बोलता आपण कुणाच्या बाजूचे हे ठरून जायचं. शुक्रवारी शाळेच्या आवारात तोच वाद पुन्हा, या वेळी बरोबरीच्यांशी.

असा सगळ्यात मोठा गुरुवार ६ जुलै १९७२ चा. डेव्हिड बोवी ‘स्टारमॅन’ गायला आला. शेंदरी केस, रंगीबेरंगी घट्ट पोशाख, निळी गिटार. गाता गाता त्याने गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सैलसा हात टाकला आणि एका क्षणी थेट कॅमेऱ्याकडे बोट रोखलं. समोर बसलेल्या प्रत्येक मुलाला वाटलं, हा मलाच बोलावतोय. पुढे गायक-वादक झालेल्या कितीतरी जणांनी आपली सुरुवात त्या संध्याकाळपासून सांगितली आहे.

तो हात खांद्यावर पडला, त्यात एवढं काय होतं? इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७ साली गुन्ह्यातून वगळले गेले होते, तेही दोघं एकवीस वर्षांवरचे असतील आणि सगळं खाजगीत असेल तरच. बोवीने १९७२ च्या जानेवारीत ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाला आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं, मुलगाही होता. त्याच्या विधानात खरं किती आणि बेत किती, यावर पुढे बरीच चर्चा झाली, त्याने स्वतःही वेगवेगळी उत्तरं दिली. पण कुठल्याशा खाणकामगारांच्या गावात, आपण इतर मुलांसारखे नाही एवढंच ज्याला कळत होतं, त्या पंधरा वर्षांच्या मुलाला या चर्चेशी कर्तव्य नव्हतं. घरच्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, एक पुरुष दुसऱ्या पुरुषाच्या गळ्यात हात घालून हसत गात होता आणि आकाश कोसळलं नव्हतं. त्याला एवढं पुरेसं होतं.

मग सुरू व्हायचं ते घरचं काम. चाहता म्हणजे नुसता बघणारा, ऐकणारा, पैसे मोजणारा, अशी आपली कल्पना असते. ग्लॅमच्या चाहत्याला हात चालवावे लागत. आईच्या डब्यातली डोळ्यांची पेन्सिल, बहिणीचं जुनं ब्लाउज, कापून शिवून अरुंद केलेला कोट. बोवीचे केस बेकनहॅमच्या सुझी फसी या केशकर्तनकार मुलीने कापले आणि रंगवले होते. आता देशभरातल्या मुली आणि मुलं मासिकातलं चित्र घेऊन आपापल्या गावच्या दुकानात जाऊ लागली, तसेच कापा म्हणून. १९७३ मध्ये ‘अलॅडिन सेन’ या एलपीच्या वेष्टनावर बोवीच्या चेहऱ्यावरून तांबडी-निळी वीज उतरली. ती रंगवायला फार कौशल्य लागत नाही. थोडा रंग आणि स्थिर हात असला की झालं. मला हा ग्लॅमचा सगळ्यात उदार गुण वाटतो. लेड झेपलिनच्या जिमी पेजसारखी गिटार वाजवायला वर्षं जातात. बोवीसारखा चेहरा एका संध्याकाळी होतो, आणि तो करताना तुम्ही स्वतःला घडवू शकता हे कळून चुकतं.

स्लेडच्या पोरांची तऱ्हा वेगळी. वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले हे चौघे. त्यांच्या कार्यक्रमात फुटबॉलच्या मैदानासारखे मफलर हवेत नाचायचे, पाय आपटले जायचे. गाण्यांची नावं ते बोलल्यासारखी, मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचे. शिक्षकांनी तक्रारी केल्या, मुलं खूश झाली. १९७३ मध्ये त्यांचं ‘कम ऑन फील द नॉइझ’ पहिल्याच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर आलं, बीटल्सच्या १९६९ मधल्या ‘गेट बॅक’नंतर प्रथमच. आणि त्याच वर्षी डेट्रॉइटहून आलेली सुझी क्वाट्रो चामड्याच्या पोशाखात बेस गिटार घेऊन पहिल्या क्रमांकावर उभी राहिली. मुलींना आता गायकाच्या प्रेमात पडण्याशिवाय दुसरंही काही होता येत होतं. पुढे स्वतः रॉक गायिका झालेली जोन जेट ही त्यातली एक, तीही अमेरिकेतली.

ग्लॅमबद्दल नेहमी दिलं जाणारं एक स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. सत्तरच्या दशकातलं ब्रिटन उदास होतं, वीज जात होती, संप होते, म्हणून लोकांना झगमगाट हवा होता, असं म्हणतात. १९७२ च्या फेब्रुवारीत खाणकामगारांच्या संपामुळे देश अंधारात गेला हे खरं. १९७४ च्या सुरुवातीला उद्योगांवर तीन दिवसांच्या आठवड्याची सक्ती झाली, हेही खरं. पण बोलनच्या गालावर चमकी लागली ती या सगळ्याच्या आधी. शिवाय चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या अर्थव्यवस्थेपासून पळायचं नसतं. तिला शाळेचा गणवेश, मोठ्या भावाचं शहाणपण आणि ‘तू पुढे काय होणार’ हा प्रश्न यांतून वाट काढायची असते. १९७२ च्या सप्टेंबरपासून तर शाळा सोडण्याचं किमान वय पंधरावरून सोळा झालं. कामाला लागण्याच्या वयाची मुलं आणखी एक वर्ष वर्गात अडकली.

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रातल्या अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तरुणांच्या संस्कृतीवर लिहिणारे सगळे रस्त्यावरच्या मुलांकडे बघतात, मुली त्यांना दिसतच नाहीत, असं त्यांनी दाखवून दिलं. मुलींना रात्री बाहेर राहायची मुभा नव्हती. त्यांची संस्कृती झोपायच्या खोलीत घडत होती आणि त्यासाठी एक रेकॉर्ड प्लेअर, थोडी पोस्टर्स आणि एक मैत्रीण एवढं पुरत होतं. हे वाचताना आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या, नटांच्या फोटोंनी भरलेल्या कपाटाच्या आतल्या बाजू डोळ्यांसमोर येतात. मात्र या चाहतेपणात त्यांना पुढच्या संसारी आयुष्याची तालीमही दिसली, तिथे मी थांबतो. बोवीच्या चाहतीला त्याच्याशी लग्न करायचं होतं की बोवीच व्हायचं होतं, हे तिचं तिलाही नेहमी सांगता आलं नसतं.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. इतक्या लहान मुलांचा इतका भाबडा विश्वास जिथे जमा होतो, तिथे त्याचा गैरफायदा घेणारेही येतात. गॅरी ग्लिटर हा याच लाटेतला मोठा तारा. १९७५ ते १९८० दरम्यान मुलींवर केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल लंडनच्या न्यायालयाने त्याला २०१५ मध्ये सोळा वर्षांची शिक्षा दिली. त्या मुली खोटं बोलत नव्हत्या हे कायद्याने मानायला चाळीस वर्षांच्या आसपास काळ गेला. चाहत्या मुली म्हणजे उथळ, किंचाळणाऱ्या, असं ज्या समाजाने ठरवून टाकलं होतं, त्याने त्यांचं ऐकून घेतलं नाही, यात मला काहीच नवल वाटत नाही. राग मात्र येतो.

आपल्याकडचा एक धागा इथे येऊन मिळतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत राहून शिकलेला, तिथे मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद चालवणारा फारूख बुलसारा १९६४ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला गेला. पुढे केन्सिंग्टन मार्केटमध्ये तो मित्राबरोबर जुने झगमगीत कपडे विकत होता आणि १९७४ मध्ये फ्रेडी मर्क्युरी या नावाने क्वीन हा आपला वाद्यवृंद घेऊन त्याच गुरुवारच्या कार्यक्रमात पोचला. ग्लॅममध्ये स्वतःचं नाव स्वतः ठेवायची मुभा होती. बोलन आणि बोवी ही नावंही जन्माची नव्हेतच.

३ जुलै १९७३ ला हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने अचानक जाहीर केलं की हा आमचा शेवटचा कार्यक्रम. निरोप बोवी मंचावर वठवत असलेल्या ‘झिगी स्टारडस्ट’ या पात्राचा होता, पण मुलांना ते कसं कळावं? या कार्यक्रमावर दिग्दर्शक पेनबेकरने केलेल्या चित्रपटात त्या रात्रीचे चेहरे आहेत, रडून काजळ ओघळलेले. १९७५ च्या वसंतात एडिंबराचे बे सिटी रोलर्स आणि त्यांचे चौकडीचे कपडे यांचं राज्य आलं, आणि ग्लॅमची मुलं आता सतरा-अठराची झाली होती. त्यांनी रंगाचा डबा फेकून दिला नाही. त्याच वर्षी रॉक्सी म्युझिक या ग्लॅम वाद्यवृंदाच्या एका कार्यक्रमात दोन चाहत्यांची ओळख झाली. पुढच्या वर्षी ते ‘सूझी अँड द बॅन्शीज’ म्हणून मंचावर चढले. पुढे गायक झालेला मँचेस्टरचा मॉरिसी न्यूयॉर्क डॉल्स या अमेरिकी वाद्यवृंदाचा चाहता-संघ चालवत होता. आणि १९७७ च्या वसंतात बोलन दौऱ्यावर निघाला तेव्हा आपल्या आधी वाजवायला त्याने ‘द डॅम्ड’ या पंक चौकडीला सोबत घेतलं. सप्टेंबरात, तिसाव्या वाढदिवसाच्या दोन आठवडे आधी, तो मोटार अपघातात गेला.

(पुढच्या आठवड्यात : हेच चाहते १९७६ मध्ये स्वतः वाजवू लागले, तेव्हा त्यांना कोण चाहते मिळाले?)