तीव्र उतार आणि डर्ट बाईक: शरीर नेमके कुठे असावे?

गैरसमज: उतार जितका तीव्र, तितके मागे झुकावे.

पायी गड उतरताना शरीर आपसूक मागे कलते, म्हणून ही समजूत पटकन पटते. ती अर्धी खरीही आहे. सपाटीवर भार दोन्ही चाकांवर सारखा असेल, तर ३० अंशांच्या उतारावर ब्रेक धरून उतरताना मागच्या चाकावर एकूण भाराचा साधारण सातवा हिस्सा उरतो. पण ७५ किलोच्या चालकाने सगळे अंग २० सेंटिमीटर मागे नेले, तरी त्या चाकाला परत मिळतो जेमतेम ५ टक्के भार. त्याच्याही मागे गेल्यास हात ताठ होतात. मग हँडल नीट वळत नाही, लिव्हर हळुवार दाबता येत नाही आणि पुढचे चाक खड्ड्यात गेले की चालक पुढे ओढला जातो. कंबर मागे न्यावी, पण कोपरे वाकलेली राहतील इतकीच. छाती खाली, गुडघे टाकीला आवळलेले, नजर चाकापाशी नव्हे तर पुढच्या वाटेवर.

गैरसमज: बसून उतरणे अधिक सुरक्षित.

पाय जमिनीला टेकतात, त्यामुळे धीर येतो. मात्र मागचे चाक दगडावरून उसळले की सीटच चालकाला हँडलवर ढकलते. फूटपेगवर उभे राहिल्यास तो धक्का गुडघे झेलतात.

गैरसमज: उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावू नये.

सर्वांत घातक समजूत हीच. वाळूवर पुढचे चाक निसटून पडलेल्या माणसाला ती सोडवत नाही, आणि त्याचा अनुभव खोटा नाही. पण तिथे चाक बहुधा वळलेले असते किंवा ब्रेक झटक्यात दाबलेला असतो. सरळ उतारावर भार पुढे आलेला असतो, म्हणजे पकडही पुढेच असते. हलके झालेले मागचे चाक एकट्याच्या ब्रेकने लॉक होते आणि गाडी आडवी येते. पुढचा लिव्हर एक-दोन बोटांनी, दाब वाढवत दाबावा. चाक घसरू लागताच सैल करावा, फिरू लागले की पुन्हा धरावा.

गैरसमज: एबीएस आहे, मग चिंता नाही.

१२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. डांबरी रस्त्यावर त्याचा मोठा आधार असतो, म्हणून हा विश्वास. सुट्या मुरमावर मात्र लॉक झालेले चाक खडीत रुतून गाडी रोखते. एबीएस ते रुतू देत नाही, ब्रेक वारंवार सोडते आणि गाडी खाली वाहत जाते. रॉयल एनफिल्ड हिमालयनमध्ये मागचे एबीएस बंद करण्याची सोय आहे ती यासाठीच.

गैरसमज: क्लच दाबून उतरल्यास गाडी ताब्यात राहते.

इंजिनाचा आवाज मंदावतो, त्यामुळे तसे वाटते. प्रत्यक्षात इंजिनाचा रोध सुटून वेग वाढतो. पहिला किंवा दुसरा गिअर टाकून क्लच सोडलेलाच ठेवावा.

हे सारे आधी लहान, सरळ आणि पायथ्याशी मोकळी सपाटी असलेल्या उतारावर, हेल्मेट व बूट घालून करून पाहावे.