पाणी ओसरलं, पण दुकान?

पावसाचा जोर वाढला की शाळेला सुटी कधी मिळते याची आपण वाट पाहतो, खरं ना? पण त्याच वेळी नदीकाठच्या एखाद्या बाजारात कुणी दुकानदार साखरेची पोती घाईघाईने वरच्या फळीवर चढवत असतो.

नकाशात रत्नागिरी जिल्ह्यातलं चिपळूण शोधा बरं. वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेलं हे बाजारपेठेचं शहर. कोकणातल्या नद्या लांबीला कमी. सह्याद्रीवर पडलेला पाऊस उतारावरून धावत काही तासांतच खाली येतो. त्याच वेळी समुद्राला भरती असेल, तर दाभोळच्या खाडीतून नदीचं पाणी लवकर बाहेर पडत नाही. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं. त्यात नदीच्या पात्रात गाळ साठलेला! मग पाण्याने जायचं तरी कुठे? ते बाजारात शिरतं.

२२ जुलै २०२१ ला पहाटे तसंच झालं. बघता बघता बाजारपेठ पाण्याखाली गेली. वीज गेली, कोकण रेल्वे थांबली, लोकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, हे दुकानदारांना ठाऊक होतं. त्या अंदाजाने काहींनी माल उंचावर ठेवलाही होता. पण या वेळी पाणी त्या खुणेच्याही वर गेलं! त्यातून कोरोनामुळे धंदा आधीच बसलेला.

चिखलाचं गणित

समजा, तिथे एक छोटं किराणा दुकान आहे. पाणी ओसरल्यावर दुकानदारकाका शटर वर ढकलतात. आत तांदळाची पोती फुगून फाटली आहेत, फ्रीज आडवा पडलाय आणि सगळीकडे चिखल. सुरुवात कुठून करायची?

आधी वीज. वायरमनने तपासल्याशिवाय एकाही बटणाला हात लावायचा नाही. मग फोटो. नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत पुरावा हवा, नाहीतर मदत मागणार कशाच्या आधारावर? त्यानंतर चिखल. तो ओला आहे तोवरच काढायला हवा, वाळला की दगडासारखा घट्ट होतो.

किती असतो हा चिखल? १५ फूट लांब आणि १० फूट रुंद दुकानात अर्धा फूट थर धरा. झाले ७५ घनफूट, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन! एका घमेल्यात १५ किलो मावला, तर दोनशेहून अधिक घमेली भरून बाहेर न्यावी लागतील. तीही हातानेच.

सर्वांत अवघड काम

पण खरी कसोटी पुढेच आहे. काही पोती वरून बरी दिसतात. डाळ वाळवून विकली तर चार पैसे सुटतील, असं मनात येणारच. पण पुराच्या पाण्यात गटाराची घाण असते, सांडलेलं तेल असतं. ती डाळ कुणाच्या तरी ताटात जाणार! म्हणून स्वतःच्या पैशांनी आणलेला माल स्वतःच्याच हाताने फेकून द्यावा लागतो. आणि गंमत पाहा, माल गेला तरी घाऊक व्यापाऱ्याचं देणं काही वाहून जात नाही.

त्या वेळी राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०,००० रुपये, आणि टपरीवाल्यांना याच हिशेबाने जास्तीत जास्त १०,००० रुपये मदत जाहीर केली. छोट्या दुकानातही लाखांचा माल असू शकतो, तेव्हा उरलेला खड्डा केवढा, ते तुम्हीच काढा. दुकानाचा विमा असेल आणि त्यात पुराचा समावेश असेल, तर आधार मिळतो. मात्र त्यासाठी मालाच्या नोंदी नीट ठेवलेल्या हव्यात.

चिपळूणकर नुसते रडत बसले नाहीत. नदीतला गाळ काढा, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये ते उपोषणाला बसले आणि पुढे गाळ उपसायला सुरुवातही झाली. दुकान कितीही धुतलं तरी नदी तुंबलेलीच राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच, नाही का?

एक गोष्ट राहिलीच, उधारीची वही! ती भिजली आणि शाई पसरली, की कुणाकडून किती येणं आहे याचा पुरावाच संपला. तुमच्या ओळखीच्या दुकानदारकाकांना सांगा, वहीच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ते घरच्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा.

आणि तरीही वही गेलीच तर? आपल्या घरची उधारी किती, हे आई-बाबांना ठाऊक असतंच की. काकांनी मागायची वाट न पाहता ती नेऊन द्यायची. रिकाम्या दुकानात पहिलं पोतं त्याच पैशांतून येईल!