मुक्तस्रोत संगणकप्रणालीतील दोषनोंद : ‘दऱ्या’चे उदाहरण

राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावाचे वर्णन टंकित करताना ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ उमटल्यास डोंगरात समुद्र अवतरतो. दोष कळफलकाचा, टंकाचा की अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचा, हे केवळ पडद्याच्या चित्रावरून ठरत नाही. युनिकोडमध्ये ‘ऱ्या’साठी टिंबयुक्त ‘ऱ’ (संकेतांक ०९३१), हलन्तचिन्ह, ‘य’ व काना असा क्रम असतो. साधा ‘र’ (०९३०) व हलन्त यांपुढे लगेच ‘य’ आल्यास रफारच योग्य ठरतो. अशा वेळी टंकास दोष देणे व्यर्थ होय. म्हणून नोंदीत संकेतांकांचा क्रम, टंकाची आवृत्ती, अपेक्षित व प्रत्यक्ष रूप द्यावे. दोष न लपविण्याचे वचन डेबियन प्रकल्पाने १९९७ मध्ये दिले. त्याची दोषनोंदवही सर्वांस खुली आहे. ‘रिपोर्टबग’ ही आज्ञावली आवृत्तीचा तपशील आपोआप जोडते. ‘दर्या’ येथे चूक का, हे मात्र मराठी जाणणाऱ्यानेच लिहावे लागते.